चोवीस पिवळ्या गोळ्या

१

चोवीस गोळ्या. आठवड्याला तीन, म्हणजे आठ आठवडे पुरायच्या. कोरेगावजवळच्या साळूबाईंच्या घरी त्या आठ दिवसांत संपल्या. नवव्या दिवशी साळूबाईंच्या तोंडात असे फोड आले की घोटभर पाणी आत जाईना. थोरल्या मुलानं, जोतीरामनं, त्यांना साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं आणि तिथून तो थेट पोलीस चौकीत गेला. धाकट्याच्या बायकोनं माझ्या आईला विष घातलं, अशी तक्रार त्यानं दिली.

एप्रिल पंच्याण्णवमधला गुरुवार होता. फौजदार निकमांच्या टेबलावर ती रिकामी बाटली होती आणि समोरच्या खुर्चीत औषध निरीक्षक पद्मा आरवाडे. दुकानोदुकानी फिरून औषधांच्या तारखा तपासायच्या, गोळ्या मोजायच्या, हे बाईंचं काम. पंधरा वर्षं मोजून मोजून त्यांना आता माणसंही मोजायची सवय लागली होती. निकमांची मोजणी त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत उरकली. माणूस प्रामाणिक, घाई फार, चहा साखरेचा.

"बाई, तुम्ही एवढंच लिहून द्या, की गोळी अस्सल होती. नकली नव्हती. पुढचं आम्ही बघतो."

"पुढचं म्हणजे?"

"सून आत. औषध तिच्या हातात, देणारी ती, संपवणारी ती. म्हातारी गेली तर तीनशे दोन, राहिली तर तीनशे सात. दोन्हीकडून माझं काम एकच."

"आणि सून काय म्हणते?"

"चिठ्ठीत लिहिलं होतं तसंच दिलं म्हणते. चिठ्ठी दाखव म्हटलं तर चिठ्ठी नाही." निकम हसले. "असती तर दाखवली नसती का?"

पद्मानं बाटली उजेडात धरली. गोळी अस्सल होती यात शंका नव्हती. सांधेवाताचं औषध. आठवड्यातून एकदा घेतलं तर हाताची बोटं पुन्हा उघडतात. तेच रोज घेतलं तर रक्त तयार व्हायचंच थांबतं. चांगल्या आणि वाईट परिणामात फरक फक्त वेळेचा.

"लिहून देते," त्या म्हणाल्या, "पण शनिवारी दुपारी बाराला. तोवर तिला हात लावायचा नाही."

"बाराच्या पुढं एक मिनिट नाही हां, बाई."

२

श्रद्धा दवाखान्याच्या जिन्याखाली बसली होती. बुधवारपासून वॉर्डात जायला जोतीरामनं तिला बंदी केली होती. वय चोवीस-पंचवीस, शिक्षण सातवी, नवरा पलटणीत, पोस्टिंग जम्मूला. तिच्या बाजूनं बोलणारं माणूस तेवढं एकच, आणि तेही दोन हजार किलोमीटरवर.

"तुमी पोलिसातल्या का?"

"नाही. मी औषधातली. किती गोळ्या द्यायचीस?"

"तीन. दुपारच्याला, भाकरी खाल्ल्यावर."

"कधी कधी?"

"कवा म्हंजी? रोजच्या रोज. चिठ्ठीत तसंच लिवलं हुतं."

"नेमके शब्द सांग."

श्रद्धा चिडली. "आवं बाई, शब्द कशाला ध्यानात ठिवू? द्यायचं कवा ते ध्यानात ठिवलं. एक दिस चुकवलं न्हाई. आत्यास्नी गोळी कडू लागायची, त्या तोंड फिरवायच्या, तर मी गुळाचा खडा देऊन घालायची." मग तो शब्द तिच्याच ध्यानात आला. "घालायची म्हनलं तर आता तेबी वंगाळ दिसतंय, न्हाई?"

पद्मानं पुढं विचारलं, "चिठ्ठी कुठं होती?"

"बाटलीला गुंडाळून रबर लावल्यालं. सोमवारी हितं आनलं तवा आत्यांच्या उशाला ठिवली. मंगळवारी सांच्याला बघते तर रबर हाय, चिठ्ठी न्हाई."

"मंगळवारी कोण कोण आलं होतं?"

"भावजी तर हितंच हुते. नर्सबाई. आन सांगलीचे मोठे डाक्टर आले हुते, ज्यांनी गोळी लिवून दिली ते. लय देवमाणूस. त्यांनीच सांगितलं पुण्यास्नं विंजेक्शन मागवा म्हनून."

जोतीराम वरच्या पायरीवर उभा राहून सगळं ऐकत होता. उंचपुरा गडी, पण डोळे रात्रभर जागल्याचे. "चिठ्ठी-बिठ्ठी काय न्हवती. मी काय ती बघितली न्हाई. आन लिवलंच असंल तर डाक्टर रोज द्या म्हनून लिवतील का? त्यास्नीच इचारा की. माझी आई गेली ना बाई, तर ही आमच्या गावात पाऊल ठिवू शकनार न्हाई. केस होवो न होवो."

श्रद्धा खाली बघत राहिली. फौजदाराला ती भ्याली नव्हती. या शेवटच्या वाक्याला मात्र ती भ्याली, हे पद्माच्या नजरेतून सुटलं नाही.

खोटं बोलणारी बाई चिठ्ठीचे शब्द पाठ करून आली असती. हिला शब्द आठवत नव्हते. ही तिच्या जमेची बाजू. पण जमेच्या बाजूवर फौजदार सोडत नाहीत. त्यांना कागद लागतो.

३

शुक्रवारी सकाळी पद्मा सांगलीत डॉ. अवधूत यांच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी वाट बघायला लावलं नाही. व्यस्त माणसानं लगेच आत बोलावलं की पद्मा सावध होत असत.

"काय सांगू तुम्हाला, हेच तर माझं दुःख," डॉक्टर म्हणाले. "बाटलीबरोबर कंपनीचा कागद येतो तो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. पेशंट त्यात भजी बांधतात. म्हणून मी चिठ्ठी सुरू केली. एका औषधाला एक चिठ्ठी, चार ओळी, सोपं मराठी. दोन महिने झाले. आता पुढच्या महिन्यापासून सबंध जिल्ह्यात लागू करायचा प्रस्ताव वर गेलाय." त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढून पुढं सरकवली. "वाचा."

*आठवड्यातून एकदा, फक्त सोमवारी, तीन गोळ्या. जेवल्यावर.*

लहान मुलालाही कळावं इतकं स्वच्छ. 'रोज' हा शब्द कुठंच नव्हता.  श्रद्धाला वाचवायला आलेला कागद तिला आत टाकायलाच निघाला होता.

"आता सुनेनं मुद्दामच दिल्या असतील तर चिठ्ठी काय करणार?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

दवाखान्याला लागूनच अजीमचं औषधाचं दुकान. अजीमनं प्रश्न यायच्या आधीच उत्तरं मांडली. "चोवीस दिल्या मॅडम, मोजून, तुमच्यासमोर मोजतो तशाच. हे औषध आजवर तिघांनाच गेलंय, तिघांना एकाच डब्यातनं. जतकडची बाळव्वा, कोरेगावची साळूबाई, वाईचे एकटे राहणारे नानासो. गोळीत खोट असती तर बाळव्वा आधी आडवी झाली असती. तिला महिना झाला."

"आणि ती बरी आहे?"

"बरी?" कोपऱ्यातून आवाज आला. "परवा उमदीच्या बाजारात गाठ पडली. भाकरी थापायला लागलीय परत. दोनी हातांनी!"

हा सिद्धू बिरादार. पन्नाशीचा कंपाउंडर, जतच्या सीमेवरचा, घरात कानडी, दवाखान्यात मराठी, दोन्हीवर सारखंच प्रेम. चिठ्ठ्या त्याच लिहीत असे. समोर ढीग होता आणि बोटं शाईनं निळी.

"एवढ्या चिठ्ठ्या एकदम?"

"काय सांगायचं बाई," सिद्धू कुरकुरला. "ह्या पिवळ्या गोळीच्या आणखी पन्नास चिठ्ठ्या लिवून मला दोन वार झाले नव्हते. बुधवारी डॉक्टर म्हणाले, सगळ्या फाड, नव्या लिव. अक्षर गिचमिड हाय म्हणे. माझं अक्षर! शाळेत मास्तर माझी पाटी भिंतीला लावायचे."

"दोन दिवसांत पन्नास परत? त्रासच की," अजीम हसत म्हणाला.

"दोन दिवस कुठलं? मी काय म्हणतोय, तू काय ऐकतोयस?" सिद्धूनं हात झटकला.

"मजकूर तोच?" पद्मानं विचारलं.

"मजकूर तोच. एक शब्द तेवढा बदलला, गावठी दिसतोय म्हणाले."

कुठला शब्द, हा प्रश्न पद्माच्या जिभेवर होता. तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून निकम बोलत होते.

"बाई, म्हातारीला तोंडातनं रक्त यायला लागलंय. इथले डॉक्टर म्हणतात रात्र निघाली तर निघाली. मी अटकेचा कागद टाईप करून ठेवलाय. तुमचे बारा वाजेपर्यंत थांबतो, पण सुनेनं दवाखान्यातून हलायचं नाही."

पद्मानं फोन ठेवला. तिघांना एकच डॉक्टर, एकच डबा, एकच लेखक. जतची बाई भाकरी थापते, कोरेगावची बाई रक्त ओकते. हा आजार काय नकाशा बघून येतो? तिसरा माणूस वाईला होता, आणि त्याला औषध देणारी सून नव्हती.

"नानासोंना गोळ्या कधी दिल्या?"

"गेल्या शनिवारी," अजीम म्हणाला.

आज शुक्रवार. पद्मा स्टँडकडं जवळजवळ पळतच निघाल्या.

४

नानासो वाईच्या घाटाजवळ एका खोलीत एकटेच राहत. शाळेत शिपाई म्हणून तीस वर्षं घंटा वाजवलेला माणूस. दार उघडंच होतं. ते कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. पद्मानं हाक मारली तेव्हा वळले, आणि त्यांचे ओठ बघून पद्मानं दारातूनच शेजारच्या पोराला रिक्षा आणायला पिटाळलं.

"ताप कधीपासून?"

"परवापास्नं." शब्द फोडांतून वाट काढत येत होते. "उष्णता हाय. उन्हाळा."

खोलीत दुसरं माणूस नव्हतं. विष घालायला कुणी नव्हतं. जेवण शेजारणीच्या घरून येत होतं, आणि शेजारीण दारात ठणठणीत उभी होती. "दोन दिवस ताट परत येतंय बघा," ती म्हणाली. "मी म्हनलं आमची भाजी आवडंना झाली म्हाताऱ्याला."

कोनाड्यात बाटली होती. पद्मानं गोळ्या हातावर ओतल्या. सहा. म्हणजे अठरा पोटात. सहा दिवस, रोज तीन.

"आज घेतल्या?"

"घेतल्या की." नानासोंच्या चेहऱ्यावर अशाही अवस्थेत जराशी ऐट आली. "चुकवलं न्हाई. रविवार, सोमवार, मंगळवार... घंटा कवा चुकली न्हाई, ही कशी चुकंल? सांगलीवाल्यांनी लिवून दिलंय."

"लिहून दिलेलं कुठाय?"

त्यांनी बोट दाखवलं. चिठ्ठी भिंतीवर कॅलेंडरशेजारी भाताच्या शितांनी चिकटवली होती. निळी शाई, टपोरं, वळणदार अक्षर. गिचमिड तर मुळीच नव्हतं. पाटी भिंतीला लावावी असंच.

*दर वाराला तीन गोळ्या. जेवल्यावर.*

पद्मानं ती एकदा वाचली. मग सिद्धूच्या आवाजात पुन्हा एकदा वाचली. 

रिक्षात नानासोंना टेकवून बसवण्याआधी त्यांनी भिंतीवरची चिठ्ठी शितांसकट अलगद सोडवून घेतली. साताऱ्यात पोचताच पहिला फोन पुण्याच्या त्या उताऱ्याच्या इंजेक्शनसाठी केला. दुसरा सांगलीला.

"सिद्धूला घेऊन उद्या अकराला या, डॉक्टर. त्याच्या अक्षराबद्दल बोलायचंय."



५

शनिवारी अकराला वॉर्डाबाहेरच्या बाकांवर पाच माणसं होती. निकम, हातात टाईप केलेला कागद. जोतीराम. श्रद्धा, बाकाच्या टोकाला. डॉ. अवधूत, इस्त्रीच्या शर्टात. आणि सिद्धू, एवढी मंडळी अक्षरासाठी जमली याचं नवल करत.

साळूबाईंची रात्र निघाली होती. आत नानासो शेजारच्याच खाटेवर होते.

"सिद्धू," पद्मानं विचारलं, "शिमगा होऊन किती वार झाले?"

"तीन."

जोतीरामला अशाही वेळी हसू आलं. "तीन? आवं, पाडवा होऊन गेला की! बावीस-तेवीस दिस झालं."

"तेच म्हणतोय की गड्या. तीन वार."

"तीन वार म्हंजी शिमगा बुधवारी झाला का काय?"

"एका वारात सात दिवस असतात, तीन वारांत एकवीस. हिशेब येत न्हाई का तुला?" सिद्धू खरोखरच चिडला. आणि मग समोरच्या चेहऱ्यांकडं बघता बघता त्याचा स्वतःचाच चेहरा उतरत गेला.

"सिद्धूच्या घरात कानडी आहे," पद्मा म्हणाल्या. "तिकडं 'वार' म्हणजे अख्खा आठवडा. आठवड्यातून एकदा म्हणजे वारक्कोम्मे. त्यानं सोपं मराठी लिहायचं म्हणून आपल्या ओठातला सोप्यात सोपा शब्द घेतला. *दर वाराला तीन गोळ्या.* जतच्या बाळव्वानं तो तसाच वाचला आणि ती बरी झाली. कोरेगावात नि वाईत वार सात असतात. सोमवार हा वार, मंगळवार हा वार. दर वाराला म्हणजे रोज. श्रद्धानं एक वार चुकवला नाही. नानासोंनीही नाही."

त्यांनी भिंतीवरची चिठ्ठी निकमांच्या टाईप केलेल्या कागदावर ठेवली. निकमांनी ती ओठ हलवत वाचली. "दर वाराला... हां. रोजच की," ते म्हणाले, आणि अवघडून श्रद्धाकडं बघायचं टाळत राहिले.

सिद्धू मटकन खाली बसला. "मी मारलं त्या बाईला? मी?"

"चुकलास," पद्मा म्हणाल्या. "पण तुला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक झालं त्याचं बोलू. फौजदारसाहेब, साळूबाईंच्या उशाची चिठ्ठी मंगळवारी गेली. मंगळवारी तिथं जोतीराम होते. पण डॉक्टर रोज द्या म्हणून लिहिणारच नाहीत ही त्यांची खात्री, म्हणजे श्रद्धाला खोटी पाडायला ती चिठ्ठी त्यांना हवीच होती. लपवून त्यांचा फायदा काय? नर्सला तर ती चिठ्ठी कशाची हेही ठाऊक नाही. राहिले डॉक्टर. बुधवारी त्यांनी सिद्धूला सगळ्या चिठ्ठ्या फाडायला लावल्या, अक्षर खराब म्हणून. अक्षर खराब असतं तर तोच मजकूर पुन्हा लिहून घेतला असता. यांनी एक शब्द बदलला. सगळ्या सांगलीत कुणाला खटकला नव्हता तो शब्द यांना बुधवारी सकाळी खटकला. म्हणजे मंगळवारी तो कुठं वाचला?"

डॉ. अवधूत भिंतीकडं बघत होते. "मी इंजेक्शन मागवलं," ते म्हणाले. "मी नसतो तर त्या मंगळवारीच गेल्या असत्या."

"खरंय. ते कुणी तुमच्याकडून काढून घेत नाही. चिठ्ठी कुठाय?"

"फाडली." मग एकदम, घाईनं, "तुम्हाला कळत नाहीये, बाई. एका शब्दापायी सगळं बंद पडलं असतं. हजारो लोकांना उपयोग होणारी गोष्ट. मी चूक दुरुस्त केली होती!"

"पुढच्या पेशंटांसाठी केलीत. नानासोंना कळवलंत?"

"ते सोमवारी तपासणीला येणारच होते."

"त्यांना सोमवार दिसला असता?"

 जोतीराम उठला. मोठ्या माणसाला हात लावायचा की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी तो तसाच उभा राहिला. "तुमाला ठाऊक हुतं," तो म्हणाला. "मंगळवारी. आन मी तुमच्यासमोर हिला नको नको ते बोललो. तुमी पाठीवर हात ठिवलात माझ्या."

निकमांनी हवालदाराला हाक मारली आणि डॉक्टरांना अदबीनं, पण कोपराला धरून, खाली न्यायला सांगितलं. सिद्धू त्यांच्या मागं निघाला नाही. कुणी सांगितलं नसताना तो वॉर्डाच्या दारात जाऊन नानासोंकडं बघत उभा राहिला.

"जा पोरी," निकम श्रद्धाला म्हणाले. "झालं. सुटलीस तू."

श्रद्धा जागची हलली नाही.

"कागद द्या."

"कसला कागद?"

"मी काय केलं न्हाई त्याचा. गावात सोमवारपास्नं सगळी म्हनत्यात हिनं इख घातलं. मी तोंडानं सांगून कोन ऐकंल?"

निकमांनी पद्माकडं पाहिलं. पद्मानं मान हलवली. निकम बाकावर बसले, टाईप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला वळणदार लिहून तिच्या हातात दिलं. श्रद्धानं मोठ्यानं, अडखळत वाचलं, "सदर महिलेविरुद्ध सकृत... सकृतदर्शनी सबळ पुरावा आढळून न आल्याने..."

ती थांबली. "म्हंजी केलं, पन सापडलं न्हाई?"

"तसं नाही गं. कायद्याची भाषा असते ती."

"मी कायद्याला कुठं दावनार हाय? पाराव दावायचा हाय मला." तिनं कागद परत केला. "साधं लिवा की. चुलतीला, दुकानदाराला, समद्यास्नी एकच कळंल असं."

निकमांनी ओळ खोडली. पेन हातात धरून ते विचार करत राहिले. वीस वर्षांत त्यांनी अशी ओळ लिहिली नव्हती.  अखेर त्यांनी लिहिलं, सही केली, तारीख घातली.

श्रद्धानं तो कागद घेतला, पण वाचला नाही. तिनं तो जोतीरामपुढं धरला.

"भावजी, तुमी वाचा. मोठ्यानं. म्हंजी मला कळंल, दुसऱ्याला काय कळतंय त्ये."

जोतीरामनं घसा खाकरला. जिन्यावरची माणसं थांबून बघायला लागली होती.

"श्रद्धानं," तो वाचायला लागला, "सासूला विष दिलं नाही."

"परत," श्रद्धा म्हणाली.